समितीची पेटी कंची?

मे महिन्याच्या शेवटी या. घोडेगाव मागे टाकून भीमाशंकरच्या वाटेला लागलात की डिंभे धरणाचा जलाशय दिसतो. पावसाळ्यात फुगलेला हा सागर तेव्हा पार तळाला गेलेला असतो, गाळाला भेगा पडलेल्या असतात आणि काठावर म्हशी कुठे कुठे हिरवं शोधत असतात. या जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूचं. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत आडवा झालेला हा गिरणी कामगार इथल्याच महाळुंगे पडवळचा. पण तुम्ही बाबू गेनूसाठी आलेला नाहीत. तुम्हाला खाली जायचंय. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते आंबेगाव या पाण्याच्या पोटात आहे.

चपला हातात घ्या. गाळ वरून वाळलेला वाटतो, आतून ओला असतो. जुन्या जोत्याचा एखादा दगड पायाला लागला की त्यावर उभे राहा.

पहिल्यांदा धुराचा वास येतो. मान वर केलीत तर धरणाची भिंत नाही. पाणी आहे ते घोडनदीच्या पात्रातलं, घोटाभर. खाचरांतून भाताची खोडकं उभी आहेत आणि राबासाठी तोडलेल्या फांद्या बांधावर रचून ठेवल्यात. शिमगा तोंडावर आलाय. साल १९५७. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं अजून कागदावरसुद्धा नीट उतरलेली नाहीत. नारायणगावचा टोमॅटो बाजार नाही, खोडदच्या माळावर दुर्बिणीच्या तबकड्या नाहीत. नारायणगाव आज ज्यासाठी ओळखलं जातं त्यातलं एकच तेव्हाही आहे, ते म्हणजे तमाशा.

शाळेपुढे रांग लागलीय. दोन रांगा, बायकांची वेगळी. डोंगरातल्या वाड्यांवरून महादेव कोळ्यांचे जथे पहाटेच निघालेले दिसतात, कारण त्यांच्या धोतरांना दव अजून आहे. तुम्ही रांगेच्या शेपटाला उभे राहता तेव्हा पुढचा मुंडासेवाला वळून बघतो.

"पाव्हणं, कुठलं गाव?"

"पुण्याकडचं."

"मंग तुमचं मत हितं कसं?"

"मत नाही, बघायला आलोय."

"बघा की," तो म्हणतो आणि विडी कानावरून काढून ओठात धरतो. "या बारीला बघण्यासारखंच हाय."

त्याचं म्हणणं खरं आहे. तुम्ही ज्या काळात उतरलात त्यात राज्य एकाच पक्षाचं आहे. तसा कायदा कुठे नाही, पण माणसांना ते तसंच ठाऊक आहे. तगाई हवी, सोसायटीचं कर्ज हवं, शाळेला शिक्षक हवा, पोराला पाटबंधाऱ्यात लावायचं, तर ज्या माणसाच्या ओटीवर जायचं तो बैलजोडीचा, म्हणजे काँग्रेसचा असतो. १९५२ मध्ये मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकी काँग्रेसनं २६९ घेतल्या. शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला १४ आल्या. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला एक. खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून पडले आणि दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. घटना लिहिणाऱ्याची ही गत, तर गावकीतल्या कार्यकर्त्यानं काय बिशाद धरावी!

शेकाप आणि शेकाफे. वर्तमानपत्रवाले तेव्हा या दोन पक्षांना असंच लिहीत, आणि घाईत वाचणाऱ्याची एका अक्षरावरून फसगत होई. माणसंही एकाच गावची, पण पाणवठे वेगळे. शेकापवाले बहुतेक मराठा-कुणबी घरांतले, केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे या पुढाऱ्यांना मानणारे. त्यांचं मूळ शोधायचं तर इथून उत्तरेला, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला जायला हवं. सत्यशोधक समाजाची पाळंमुळं त्या गावात खोल होती. डुंबरे पाटलांसारखी घरं जोतीराव फुल्यांच्या बाजूनं उभी राहिली. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न भटजीशिवाय लावलं, तेव्हा गावच्या जोशांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि तो वाद मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. सत्यशोधक चळवळीतून पुढे ब्राह्मणेतर पक्ष झाला. मग केशवराव जेध्यांबरोबर ही सगळी मंडळी काँग्रेसमध्ये गेली. स्वातंत्र्य आलं, पण काँग्रेसमध्ये कुणब्याचं कोण ऐकतंय, म्हणून १९४७ मध्ये पक्षाच्या आतच शेतकरी कामगार संघ निघाला आणि १९४८ मध्ये ती मंडळी बाहेर पडली. दाभाडीला त्यांनी मार्क्सवाद स्वीकारला. दाभाडीचा प्रबंध जुन्नरच्या किती शेतकऱ्यांनी वाचला असेल याबद्दल मला दाट शंका आहे. पण "कसेल त्याची जमीन" एवढं सगळ्यांना कळत होतं.

शेकाफेवाले महारवाड्यातले. त्या वस्तीला नवं नाव आत्ता आत्ता पडू लागलंय. पाच महिन्यांपूर्वी नागपूरला दीक्षा झाली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. रांगेत पुढे उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याकडे बघा. धोतर स्वच्छ धुतलेलं, हातात काठी. आयुष्यभर त्यानं येसकरकी केली, सरकारी टपाल गावोगाव पोचवलं, मेलेली ढोरं ओढली. यंदा त्यानं ढोर ओढायचं सोडलंय आणि त्यावरून गावात कुरबुर चालू आहे. रांगेत तो इतरांपासून हातभर अंतर सोडून उभा आहे. अंतर त्यानं सोडलंय की पुढच्यानं, ते तुम्हाला कळत नाही.

रांग पुढे सरकते. आत केंद्राधिकारी यादीत नाव बघतो, डाव्या हाताच्या बोटाला शाई लावतो आणि कागद हातात देतो. कागदावर कुणाचंही नाव नाही, निशाणी नाही, शिक्का मारायचा नाही की फुली करायची नाही. पडद्यामागे पेट्या मांडल्यात, एका उमेदवाराची एक पेटी, आणि पेटीवर निशाणीचं चित्र. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. लोकसभेच्या पेट्या वेगळ्या, विधानसभेच्या वेगळ्या.

मुंडासेवाल्याची पाळी येते. आत जाण्याआधी तो दाराशी उभ्या असलेल्या पोराच्या कानाशी लागतो. पोरगा समितीचा, छातीवर कागदी बिल्ला. मुंडासेवाला पाटलाच्या भावकीतला आहे हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंय.

"समितीची पेटी कंची?"

पोरगा निशाणी सांगतो. मुंडासेवाला मान हलवतो आणि पडद्यामागे जातो.

त्यानं फेडरेशनचं नाव घेतलं नाही, हे लक्षात ठेवा. खेड लोकसभा मतदारसंघात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूनं उभे आहेत बाळासाहेब साळुंके आणि त्यांचा पक्ष शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. मुंबईत गोळीबारात माणसं मेली, नोव्हेंबरात द्वैभाषिक राज्य लादलं गेलं, अत्र्यांचा 'मराठा' एसटीच्या टपावरून गावोगाव येतो आणि पारावर मोठ्यानं वाचला जातो. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांची कवनं इथल्या पोरांना पाठ आहेत. समितीत समाजवादी आहेत, कम्युनिस्ट आहेत, शेकाप आहे, शेकाफे आहे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे पक्ष जागा वाटून घेतात आणि म्हणून मुंडासेवाला आज अशा पेटीत कागद टाकतोय की जिच्या पक्षाच्या माणसाला तो आपल्या आडावर पाणी भरू देणार नाही.

यात भाबडं होण्यासारखं काही नाही. मत मुंबईसह महाराष्ट्रासाठी होतं, फेडरेशनसाठी नव्हतं. पण कागद पेटीत पडतो तेव्हा तो कशासाठी टाकला हे मोजणारा विचारत नाही. बाळासाहेब साळुंके निवडून येतात. शेजारच्या नाशकातून फेडरेशनचेच दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बापूसाहेब कांबळे. पुणे शहरातून समाजवादी नानासाहेब गोरे. जुन्नर आणि आंबेगावचा दिल्लीतला प्रतिनिधी फेडरेशनचा झाला, हे आज या तालुक्यांत कुणाला सांगितलंत तर समोरचा तुमच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघेल.

पडदा अजून हलतोय तोवर एक लांबची चक्कर मारून या. ज्या १९४८ मध्ये शेकाप काँग्रेसबाहेर पडला, त्याच साली जर्मनीच्या रशियाव्याप्त भागात एक शेतकरी पक्ष निघाला. तोही छोटा, नाव लोकशाहीचं. पूर्व जर्मनीत चाळीस वर्षं तो संसदेत बसला, ठरवून दिलेल्या जागांवर. तिथे मतदानाला गेलेला माणूस एकच यादी असलेला कागद घेई, घडी घाली आणि पेटीत टाकी. तिथल्या शेतकरी पक्षाला हरायची धास्ती नव्हती आणि जिंकायची सोय नव्हती. चीनमध्ये असे आठ पक्ष आजही आहेत. राजकारणाचे अभ्यासक रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये आपल्याकडची रीत वेगळी असल्याचं मांडलं. काँग्रेस हा सहमतीचा पक्ष, आणि बाकीचे दबावाचे. ते सत्ता घेऊ शकत नाहीत, पण काँग्रेसमधल्या एखाद्या गटाला ढुशी देऊन त्याच्याकडून काम करवून घेऊ शकतात. मला ही मांडणी पटते, पण तिच्यात एक गोष्ट हळू आवाजात सांगितलेली आहे. दाब द्यायला गेलेला माणूस बऱ्याचदा आतच राहतो.

ते बघायला आंबेगावातच थोडे दिवस थांबा. निवडणुकीला महिना होतो न होतो तोच १ एप्रिल १९५७ उजाडतो. सरकारी भाषेत कृषक दिन. कूळ कायद्याच्या दुरुस्तीप्रमाणे या दिवशी कसणारं कूळ जमीन विकत घेतल्याप्रमाणे मालक धरलं जाणार. चावडीत तलाठ्याभोवती गर्दी आहे. "कसेल त्याची जमीन" ही घोषणा ज्यांनी घसा बसेपर्यंत दिली त्या शेकापवाल्यांपैकी एक जण कोपऱ्यात उभा राहून ऐकतोय. कायदा काँग्रेस सरकारचा आहे. त्याला आनंद व्हायला हवा आणि होतोही, पण पुढच्या सभेत बोलायचं काय हा प्रश्न त्याच्या तोंडावर दिसतो. पुढच्या साली कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा येतो. महार वतनाचं बिल बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मांडलं होतं. आता तेही बैलजोडीच्या सरकारनं केलं. रांगेतल्या त्या म्हाताऱ्याची येसकरकी सुटली. कुणामुळे सुटली याचं उत्तर तो एक देईल, तलाठी दुसरं.

आणि फेडरेशन? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना होते, अध्यक्ष एन. शिवराज. बाबासाहेबांचीच कल्पना होती की फक्त अनुसूचित जातींचा पक्ष न राहता सगळ्या पिचलेल्यांचा पक्ष व्हावा. म्हणजे जुन्नर-आंबेगावानं ज्या पक्षाचा खासदार निवडला तो पक्ष त्याच साली इतिहासजमा झाला. नव्या पक्षात लवकरच फूट पडली. कांबळे एका बाजूला, गायकवाड दुसऱ्या. भांडणाचा विषय वरवर पाहता तात्त्विक होता, शिकलेल्यांनी पुढारपण करायचं की मातीतल्यांनी. दिल्लीत मूठभर आणि गल्लीत दोन, असं ते चित्र.

१ मे १९६० ला राज्य मिळालं आणि समितीच्या पेटीचं कामच संपलं. काँग्रेसचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण आता जोरात. चव्हाण स्वतः १९५७ मध्ये कराडातून जेमतेम वाचले होते. हरायची वेळ आली म्हणजे काय होतं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी विरोधकांना तुरुंगात घातलं नाही, घरी बोलावलं. कराडचे यशवंतराव मोहिते शेकाप सोडून आले आणि मंत्री झाले.

१९६२ ची निवडणूक बघायची असेल तर त्याच शाळेत परत या. आता पेट्यांची रांग नाही. एकच पेटी आहे, आणि कागदावर सगळ्यांची नावं आणि निशाण्या. शिक्का मारायचा, घडी घालायची. मुंडासेवाला थोडा पिकलाय. खेडमधून बैलजोडीवर उभे आहेत रघुनाथ केशव खाडिलकर. हे खाडिलकर कोण? शेकापचे जुने पुढारी. तिथून फुटून मजदूर किसान पक्ष काढलेले आणि १९५७ मध्ये काँग्रेसविरोधात अहमदनगरहून लोकसभेत गेलेले. आता काँग्रेसचे. ते निवडून आले, १९६७ मध्ये पुन्हा आले आणि लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. त्याच १९६२ मध्ये पुण्यातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले शंकरराव मोरे, शेकापचे एक संस्थापक, १९५२ चे शेकापचे सोलापूरचे खासदार. आणि बारामतीतून १९५७ मध्ये काँग्रेसचे खासदार होऊन गेले ते खुद्द केशवराव जेधे. पुणे जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवा. ज्या पक्षाला हा जिल्हा जवळजवळ कधीच मिळाला नाही, त्या पक्षाची माणसं मात्र जिल्ह्याला भरपूर मिळाली, बैल जोडून.

"मोठी माणसं गेली, मंग आम्ही काय करायचं?" मुंडासेवाला विचारतो. तुमच्याकडे उत्तर नाही. त्याला सोसायटीचं कर्ज हवंय.

सगळे गेले असं मात्र म्हणू नका. सांगोल्याचे गणपतराव देशमुख त्याच १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले आणि अकरा वेळा निवडून आले, लाल झेंडा न सोडता. एन. डी. पाटील हयातभर शेकापमध्येच राहिले, १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात सहकारमंत्री होऊन आले, पुन्हा रस्त्यावर उतरले. रायगडात आणि सांगोल्यात पक्षाला बूड होतं. जुन्नर-आंबेगावला ते धरलं नाही. माझ्या मते त्याचं कारण इथल्या शेतकऱ्याला शेकापनं मागितलेलं बहुतेक सगळं काँग्रेसकडून मिळत गेलं, उशिरा आणि अर्धवट, पण मिळालं. धरणं, पाट, कर्ज, कारखाना. ज्यांची जमीन डिंभ्यात गेली त्यांना विचाराल तर हिशेब वेगळा निघेल.

रिपब्लिकनांचं उलट झालं. त्यांच्या माणसाला जमीन मुळातच नव्हती. म्हणून १९६४ च्या ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह देशभर पुकारला आणि लाखो माणसं तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन भूमिहीनाला द्या ही साधी मागणी. तिथेही नंतर तेच घडलं. रिपब्लिकन पुढारी आर. डी. भंडारे काँग्रेसमध्ये गेले, १९६७ मध्ये काँग्रेसचे खासदार झाले, पुढे बिहारचे राज्यपाल. खुद्द गायकवाडांनी काँग्रेसशी समझोता केला. त्यावर चिडलेली पोरं १९७२ मध्ये दलित पँथर काढतात, पण ती गोष्ट मुंबईच्या चाळींची आहे.

आता वर चढायला लागा, घोडनदीचं पाणी वाढतंय. जाता जाता एका थांब्यावर क्षणभर टेका. १९८९. मंचरचे किसनराव बाणखेले जनता दलाकडून खेडमधून निवडून आलेत, काँग्रेसला पाडून. दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार आहे. १९९० मध्ये हे सरकार अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू करणारी दुरुस्ती करतं. १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतलेल्यांच्या केंद्रातल्या सवलती गेल्या होत्या, त्या चौतीस वर्षांनी परत आल्या. रांगेतला तो म्हातारा तोवर राहिला नसणार. त्याचा नातू घोडेगावच्या कचेरीत दाखल्यासाठी उभा आहे.

पायाखालचा दगड निसरडा झालाय. वर या, चपला घाला. समोर पुन्हा डिंभ्याची भिंत, म्हशी, गाळ.

खेड लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत रद्द झाला. जुन्नर आणि आंबेगाव आता शिरूरमध्ये मोडतात. फेडरेशनचा किंवा पुढच्या रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार या दोन तालुक्यांतून लोकसभेवर गेला तो एकदाच, १९५७ मध्ये.